परार्धाच्या उंबरठ्यावरचा आकडा

श्रोतेहो, पुण्याचे गुलटेकडीवरचे मार्केट यार्ड आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, फुले, गूळ आणि भुसार असा सारा माल तिथे येतो. तो गाळ्यावर उतरतो, तोलला जातो, विकला जातो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती एक लहानसा कागद पडतो. त्या कागदाला पट्टी म्हणतात. गोण्या किती, वजन किती, भाव काय, रक्कम किती, हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाता हाती काय उरले, एवढे सगळे त्या चार ओळींत असते. पीक चार महिन्यांचे आणि त्याचा निकाल चार ओळींचा! पण खरे सांगायचे तर आपल्यातले किती जण ती पट्टी जागेवर पडताळून पाहतात? बहुतेक जण शेवटची रक्कम तेवढी वाचतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. आकडा मोठा दिसला, की डोळा त्यावरून घसरतो. तो आपल्या आवाक्यातला नाही, असे मनाने आधीच ठरवून टाकलेले असते.

म्हणून आज एका फार मोठ्या आकड्याची हकीगत सांगायची आहे. यार्डातली कोणतीही पट्टी त्याच्यापुढे बाळबोध वाटावी, इतका तो मोठा आहे. तरी पण पाटी-पेन्सिल घेतलेल्या चौथीच्या मुलाला तो उलगडता येतो, आणि तो उलगडला म्हणजे पट्टी पडताळण्याची एक जुनी युक्ती आपोआप हाती येते. आकडा असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढत जायचे आणि नवापासून एकापर्यंत उतरत यायचे. एकंदर सतरा अंक झाले. पुढून वाचा की मागून वाचा, तो तोच राहतो.

तो वाचायचा कसा? आपल्या रोजच्या बोलण्यात कोटीच्या पुढे फारसे कोणी जात नाही. परंतु भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लीलावती ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे सांगितली आहेत. त्या नावांनी आपला आकडा वाचला तर असा होतो: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शते, दोन दशक आणि एक. इथे प्रयुत म्हणजे दहा लक्ष आणि अर्बुद म्हणजे दहा कोटी. सतरा पायऱ्या चढून झाल्या आणि अठरावी, म्हणजे परार्धाची, तेवढी उरली. आपला आकडा परार्धाच्या उंबरठ्यावर उभा आहे, तो असा.

हा आकडा म्हणजे नेमका केवढा, याची कल्पना यावी म्हणून यार्डाचेच माप लावू. समजा, तितके ज्वारीचे दाणे आहेत. हजार दाण्यांचे वजन तीस ग्रॅम धरले, तर ही ज्वारी सुमारे ३७ कोटी टन भरेल. दहा टनी ट्रकात भरली, तर तीन कोटी सत्तर लाख ट्रक लागतील. यार्डाच्या दरवाज्यातून दर मिनिटाला एक ट्रक, रात्र नाही दिवस नाही, असा आत सोडत राहिले, तर शेवटचा ट्रक आत यायला सत्तर वर्षे लागतील!

भास्कराचार्यांचे नाव निघालेच आहे, तर बाजार आणि गणित यांचे नाते सांगणारी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. पाटणादेवीमुळे आपण त्याला ओळखतो. तिथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. लेख शके ११२८ मधला, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला. आता मठ चालवायचा तर पैसा हवा. तो कुठून आला? त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात ते लिहून ठेवले आहे. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला लावून दिले होते. तेलाच्या घाण्यामागे तेलाची पळी ठरवून दिली होती.

आजही बाजार समितीचा सेस खरेदीदाराकडूनच घेतात. आठशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात अशाच एका बाजारपट्टीवर गणिताची शाळा चालली होती. मोठमोठे आकडे ही पंडितांची मिरास आणि छोटे हिशोब ही बाजाराची कटकट, असा भेद आपण आज करतो. पाटणच्या दगडाला तो भेद ठाऊक नव्हता.

आता आपल्या आकड्याकडे परत येऊ. हा आकडा आला कुठून? कोणी बसून एक ते नऊ आणि नऊ ते एक असे लिहून तो बनवलेला नाही. तो एका साध्या गुणाकारातून बाहेर पडतो. पाटीवर अकरा गुणिले अकरा करून पाहा, १२१ येतात. एकशे अकरा गुणिले एकशे अकरा करा, १२३२१ येतात. चार एक घेऊन ११११ गुणिले ११११ केले, तर १२३४३२१ येतात. असे करत नऊ एक घेतले, म्हणजे १११११११११ ला त्याच संख्येने गुणले, की आपला सतरा अंकी आकडा पुढे उभा राहतो.

हे असे का होते? गुणाकाराची मांडणी डोळ्यांपुढे आणा. नऊ एकांना एकाने गुणले, की नऊ एकांचीच ओळ मिळते. अशा नऊ ओळी एकाखाली एक येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली असते. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात एकच एक येतो. पुढच्या रकान्यात दोन, त्यापुढच्यात तीन. मधल्या रकान्यात नऊही ओळींचा एकेक एक सापडतो. तिथून पुढे एकेक ओळ संपत जाते आणि आठ, सात, सहा असे उतरत उतरत डावीकडे पुन्हा एकावर येते. म्हणजे आपल्या आकड्यातला प्रत्येक अंक हा त्या रकान्यात किती एक उभे आहेत, त्याची मोजदाद आहे. नऊ ओळींत नऊ नऊ, मिळून एक्याऐंशी एक मांडले होते. म्हणून आकड्यातल्या सगळ्या अंकांची बेरीज करून पाहा, ती बरोबर एक्याऐंशीच येते. १२१ ची बेरीज चार, म्हणजे दोन दुणे. १२३२१ ची नऊ, म्हणजे तीन त्रिक. १२३४३२१ ची सोळा, म्हणजे चार चोक. गुरुजींनी ही गोष्ट फळ्यावर करून दाखवली, तर वर्गाचा वर्ग पुढे सरकून बसेल.

असल्या आकड्यांचा नाद आपल्याकडे फार जुना आहे. राष्ट्रकूटांचे राज्य महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्हींवर पसरलेले होते. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, हे कलबुर्गी जिल्ह्यातले गाव. त्या वंशातला राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी गणितसारसंग्रह हा ग्रंथ लिहिला. त्यात गुणाकाराची काही उदाहरणे मुद्दाम अशी घातली आहेत, की उत्तर पुढून-मागून सारखे यावे. अशा उत्तरांना त्यांनी गळ्यातल्या हाराची उपमा दिली आहे. एक उदाहरण आहे १२३४५६७९ गुणिले ९. करून पाहा, नऊ एकांची माळ येते. दुसरे आहे २७९९४६८१ गुणिले ४४१. त्याचे उत्तर येते १२३४५६५४३२१, म्हणजे एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकावर उतरणारी माळ. आपल्या आकड्याचेच हे धाकटे भावंड. अकराशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना गुणाकारासारखा रुक्ष विषय शिकवताना त्या आचार्यांनी हा हार त्यांच्यापुढे धरला होता. उत्तर बरोबर आले की ते दिसतेच, गुरूला विचारावे लागत नाही. शिकवण्याची याहून चांगली हातोटी कोणती?

महावीराचार्यांनंतर सुमारे अकराशे वर्षांनी असाच हार एका मराठी माणसाच्या दृष्टीस पडला, आणि तोही एका रेल्वे स्टेशनावर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्याला आणि कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामगिरीबद्दल रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर राहिले. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. दिवसा शाळा करायची आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे, असा त्यांचा क्रम.

मुंबईपासून तीस मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, डोंबिवली स्टेशन आहे. त्या काळी त्याला डेम्लो असेही नाव होते. आपल्या आकड्याच्या जातकुळीचा अभ्यास करण्याची कल्पना कापरेकरांना त्या स्टेशनावर सुचली, म्हणून त्यांनी या संख्यांचे नावच डेम्लो संख्या असे ठेवले. १९३८ साली गणितविषयक नियतकालिकात त्यांनी या संख्यांवर लिहिले. मोठमोठ्या संख्यांना राजांची, देवतांची, समुद्रांची नावे मिळाली आहेत. एका संख्येला लोकलच्या स्टेशनाचे नाव मिळावे, हा मान डोंबिवलीचाच!

डेम्लो संख्या ओळखायची कशी, ते सोपे आहे. तिचे तीन तुकडे करायचे: डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा यांची बेरीज केली, की मधल्यातलाच अंक हाती यावा. उदाहरणार्थ १६५ घ्या. एक आणि पाच मिळून सहा, आणि मध्ये सहाच आहे. २५५३ घ्या. दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाचच आहेत. आता आपल्या आकड्याला हाच नियम लावा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१ आणि मध्ये ९. दोन्ही बाजूंची बेरीज करा. येतात आठ नऊ, म्हणजे ९९९९९९९९. मधोमध नऊ बसलेला आणि दोन्ही खांद्यांची बेरीजही नवांचीच. एकांच्या गुणाकारातून येणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी विलक्षण डेम्लो असे म्हटले, ते काही उगाच नव्हे.

त्यांनीच आणखी एका जातीच्या संख्यांना हर्षद, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे नाव दिले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, ती हर्षद. आपल्या आकड्याच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी. त्याला एक्याऐंशीने भाग जातो का? नऊ एकांच्या माळेला नवाने भाग जातो, हे महावीराचार्यांच्या उदाहरणातच दिसले. मग दोन माळांच्या गुणाकाराला नव नवे एक्याऐंशीने भाग जाणारच. तेव्हा आपला आकडा डेम्लोही आहे आणि हर्षदही आहे. त्याचे मूळ अवयव काढायचे असतील, तर आधी नऊ एकांचे काढावे. १११ गुणिले १००१००१ म्हणजे नऊ एक. १११ मध्ये तीन आणि सदतीस, तर १००१००१ मध्ये तीन आणि ३३३६६७. याहून पुढे फोड होत नाही. आपल्या आकड्यात ह्याच अवयवांची दुप्पट वस्ती आहे: तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. त्याला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या किती, हे त्यावरून मोजता येते. त्या पंचेचाळीस आहेत.

कापरेकरांच्या ह्या कामाला काही पंडितांनी क्षुल्लक म्हटले, हसलेही. त्यांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या, परिषदांतून निबंध वाचले आणि शाळेची घंटा झाली की वर्गावर गेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या गाजलेल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. त्या वेळी कापरेकर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते वारले. पाटणच्या मठाला बाजाराचे उत्पन्न लावून दिलेले होते. देवळालीच्या मास्तरांना तसे काही नव्हते. त्यांचे उत्पन्न म्हणजे त्यांचा स्वतःचा हर्ष.

श्रोतेहो, आता ज्या युक्तीचे सुरुवातीला सांगितले, तिच्याकडे वळू. नऊ एकांऐवजी दहा एक घेतले तर काय होईल? माळ बिघडते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे सातापर्यंत सगळे सुरळीत आहे, मग आठ गायब, आणि मध्ये दोन शून्ये. का बरे? कारण मधल्या रकान्यात आता दहा एक जमले. दहा हा अंक एका घरात मावत नाही, म्हणून तिथे शून्य लिहून हातचा एक पुढे गेला. पुढच्या रकान्यात नऊ होते, त्यांत हातचा मिळून तिथेही दहा झाले. तिथून पुन्हा हातचा एक निघाला आणि आठाचा नऊ झाला. दोन हातच्यांनी हार विस्कटला.

अंकांची बेरीजही करून पाहू. दहा ओळींत दहा दहा एक, म्हणजे शंभर एक मांडले होते. पण उत्तरातल्या अंकांची बेरीज येते ब्याऐंशी. अठरा कुठे गेले? दोन हातच्यांनी नऊ नऊ खाल्ले! यार्डात आपण दहा रुपयांची सुटी नाणी देऊन दहाची एक नोट घेतो. किंमत तीच राहते, पण हातातले नग दहाचे एक होतात, म्हणजे नऊने घटतात. हातचा म्हणजे तरी दुसरे काय? दहा सुटे देऊन वरच्या घरातला एक घेणे. प्रत्येक हातचा अंकांच्या बेरजेतून नऊ खातो, नऊपेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही. म्हणून नऊ नऊ काढून टाकल्यावर जे उरते, ते हातच्याच्या गोंधळातही बदलत नाही. नवाचा ताळा म्हणतात तो हाच.

हा ताळा आपल्या देशात फार जुना आहे. सुमारे दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतात तो सांगितला आहे. पुढे अरब गणित्यांच्या ग्रंथांतून तो पश्चिमेकडे गेला आणि इटलीतल्या पिसा शहरच्या लिओनार्दोने १२०२ साली लिहिलेल्या हिशोबाच्या ग्रंथात तो आढळतो. व्यापार जिथे जिथे वाढला, तिथे तिथे ताळ्याची गरज पडली.

आता तो पट्टीवर लावू. समजा, कांद्याचे वजन भरले १४८६ किलो आणि भाव मिळाला किलोला २३ रुपये. पट्टीवर रक्कम आहे ३४,१७८. पडताळा असा घ्यायचा. १४८६ च्या अंकांची बेरीज एकोणीस. एक आणि नऊ मिळून दहा, आणि दहाचा एक. २३ चे झाले पाच. एक पाचे पाच. आता ३४१७८ ची बेरीज करा. तेवीस आले, म्हणजे पाच. पाचाला पाच मिळाले, ताळा जमला. तेच पट्टीवर ३४,१६८ लिहिले असते, तर बेरीज बावीस, म्हणजे चार आले असते, आणि पाचाला चार जुळले नसते. एवढ्याला कागद लागत नाही, यंत्र लागत नाही. हमाल पुढची गोणी उचलीपर्यंत हिशोब होतो.

एक खुलासा केला पाहिजे. पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत आणि मणाचे चाळीस शेर. तेव्हाचे मुनीम पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही कोष्टके तोंडपाठ ठेवीत आणि त्यावर हिशोब उरकीत. आणे-शेरांच्या हिशोबात हातचा कधी सोळाचा, कधी चाळीसाचा, त्यामुळे नवाचा ताळा सरळ लावता येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि क्विंटल आले, आणि पट्टी वरपासून खालपर्यंत दहाच्या हातच्याची झाली. ती कोष्टके विसरली, याची हळहळ अनेकांना वाटते. पण त्यांच्या जागी नवाचा ताळा जितका रुजायला हवा होता, तितका रुजला नाही, ही हळहळ मोठी.

मात्र हा ताळा म्हणजे डोळस राखणदार असला, तरी एका चोराला तो ओळखत नाही. ३४,१७८ ऐवजी ३४,७१८ लिहिले गेले, तर? अंक तेच, फक्त एक आणि सात यांची अदलाबदल झाली. बेरीज तीच तेवीस. ताळा जमतो आणि रक्कम मात्र ५४० रुपयांनी चुकते. आज पट्ट्या संगणकावर निघतात, वजनकाटे विजेचे आहेत. यंत्र गुणाकारात चुकत नाही, पण यंत्रात आकडा घालणारे बोट घाईत असते, आणि घाईतल्या बोटाची नेहमीची चूक म्हणजे ही अदलाबदल. तिची एक खूण ध्यानात ठेवा. अंक तेच असल्यामुळे दोन्ही रकमांना नवाने भागून सारखेच उरते, म्हणून त्यांच्यातला फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. ५४० म्हणजे नवाची साठपट. दोन वह्यांची बेरीज जुळत नसेल आणि फरकाला नवाने भाग जात असेल, तर आधी उलटलेले अंक शोधावेत.

गंमत पाहा, कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ह्याच अदलाबदलीतून निघाला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे तेवढे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आणि उत्तराला पुन्हा तेच करा. सातव्या पायरीपर्यंत ६१७४ येतातच, आणि मग तिथून हालत नाहीत. हा शोध १९४९ सालचा. तोच आकडा घेऊ. ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. पुढे क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. वाटेतली प्रत्येक संख्या तपासा. सगळ्या नवाच्या पटीतल्या निघतील.

मग त्या अदलाबदलीच्या चोराला धरायचे कसे? त्यासाठी अकराचा ताळा आहे. नवाऐवजी दुसऱ्या हव्या त्या संख्येनेही ताळा घेता येतो, हे नारायण पंडिताने १३५६ सालच्या गणितकौमुदीत सांगितले आहे. अकराच्या ताळ्यात अंकांची नुसती बेरीज करायची नाही. उजवीकडून सुरुवात करून पहिला अंक मिळवायचा, दुसरा वजा करायचा, तिसरा मिळवायचा, असे एकाआड एक जायचे. १४८६ चे असे: सहातून आठ वजा, अधिक चार, वजा एक. उरला एक. २३ चा तीन वजा दोन, एक. एके एक, एक. ३४१७८ चे आठ वजा सात, अधिक एक, वजा चार, अधिक तीन, म्हणजे एक. जमले. आता ३४७१८ घ्या. आठ वजा एक, अधिक सात, वजा चार, अधिक तीन, म्हणजे तेरा. त्यातून अकरा काढले की दोन. एकाला दोन जुळत नाहीत, चोर सापडला. शेजारशेजारचे दोन वेगळे अंक उलटले, तर नवाच्या नजरेतून ते सुटतात, पण अकराच्या नजरेतून कधी सुटत नाहीत.

आपल्या सतरा अंकी आकड्यालाही हा ताळा लावून पाहता येईल. नऊ एक एकाआड एक मिळवले-वजा केले, की उरतो एक. म्हणून गुणाकारातही एकच उरला पाहिजे. उजवीकडून मोजत एकाआड एक घेतलेले अंक १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ हे मिळून एकेचाळीस होतात. राहिलेले २, ४, ६, ८, ८, ६, ४, २ मिळून चाळीस होतात. फरक एक. परार्धाच्या उंबरठ्यावरचा तो अवाढव्य आकडा अर्ध्या मिनिटात आपल्या ताब्यात आला!

गुरुजनहो, आपणांस एवढीच विनंती, की हा आकडा एकदा फळ्यावर मांडावा. आधी मुलांना तो भास्कराचार्यांच्या नावांनी मोठ्याने वाचू द्यावा. मग गुणाकाराच्या नऊ ओळी मांडून रकान्यांतले एक मोजू द्यावेत. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला घरातली एकेक जुनी पट्टी आणायला सांगून नवाचा आणि अकराचा असे दोन्ही ताळे तिच्यावर घेऊ द्यावेत. ज्या घरी मूल पट्टी वाचते, त्या घरचा बाप ती न वाचता खिशात घालत नाही. शेतकरी बंधुभगिनींनो, आपल्या मालाचे मोल ठरवताना बाजारात आपला हात नेहमी वर असेल असे नाही. पण ठरलेल्या मोलाचा हिशोब बरोबर आहे की नाही, हे पाहणे सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि त्याला दोन ताळे पुरतात.